चाकातल्या आवाजाचा माग

साठच्या पुढे काटा गेला की गाडी घुमायला लागायची. पन्नासला आहे की नाही अशी शंका, साठला खात्री, आणि ऐंशीला गाण्यांचा आवाज वाढवावा लागेल इतपत. खडखड नाही, करकर नाही, किंचाळणंही नाही. एकसुरी घूंऽऽ. ब्रेक दाबला की वेगाबरोबर तोही खाली उतरायचा आणि चाळिशीच्या आत आला की नाहीसा व्हायचा. खड्ड्यात गाडी आपटली तरी त्यात फरक नाही, एसी लावा किंवा बंद करा, तरी नाही.

गाडी आमची साधी पेट्रोलवरची हॅचबॅक, ८० हजार किलोमीटर उलटून गेलेली. नाशिकमधल्या उपनगर या भागातून सिन्नरजवळच्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत माझं रोजचं जाणं-येणं. पेट्रोल वाटून आम्ही तिघं जातो. शेजारच्या सीटवर स्टोअरमधले अण्णा, मागे डाव्या खिडकीशी क्वालिटीतली मैत्रीण आणि गाडी माझ्या हातात. त्यामुळे निदान करणारेही तीन होते. अण्णा म्हणाले, "टायर गेले तुमचे, मॅडम." मैत्रीण म्हणाली, "छे, मागून येतोय, माझ्या सीटच्या खालून." मला तो माझ्या उजव्या पायापाशी वाटत होता. घरी नवऱ्याने एक चक्कर मारून ऐकला आणि "जुनी गाडी म्हटल्यावर एवढं चालायचंच" म्हणून विषय मिटवला.

चालायचंच या खात्यात मी पुष्कळ गोष्टी टाकते, पण चाकाचा आवाज नाही. रोजच्या वाटेवर मोहदरी घाट आहे, पुढे-मागे ट्रक असतात, आणि चाक ही काही वायपरसारखी गोष्ट नाही की बिघडलं तर पाऊस थांबेपर्यंत कडेला उभं राहू.

पहिली वाटणी करायची होती ती इंजिन आणि चाकं यांच्यात. ती घरबसल्या होत नाही, पण सोपी आहे. शिंदे-पळसेच्या पट्ट्यात रस्ता सरळ आहे. मागे कोणी नाही असं बघून सत्तरच्या वेगात मी क्लच पूर्ण दाबला. इंजिनाचे फेरे खाली आले, त्याची घरघर मंदावली आणि घूंऽऽ होता तसाच राहिला, उलट जास्त मोकळा ऐकू आला. मग साठच्या वेगाला एकदा चौथा गिअर, एकदा तिसरा. तिसऱ्यात इंजिन ओरडतं, पण आवाजाची पट्टी हलली नाही. म्हणजे तो इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला नव्हता, गाडीच्या वेगाला बांधलेला होता. जे काही होतं ते चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात होतं. (हा प्रयोग सपाटीवरच करायचा. घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून आवाज ऐकणारे शूर लोक आहेत; इंजिनाचा ब्रेक गेला की सगळा भार पॅडवर येतो, पॅड तापतात, आणि मग ऐकायला दुसरेच आवाज मिळतात.)

मी हिशेबाच्या खात्यात काम करते, त्यामुळे पुढची पायरी कागदावर झाली. टायरवर १६५/८० आर १४ लिहिलेलं आहे. त्यावरून चाकाचा व्यास ६२ सेंटिमीटर, घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला साडेआठ फेरे. टायरच्या खाचेत खडा किंवा खिळा असेल तर तो फेऱ्यात एकदाच रस्त्याला लागणार, आणि साठला सेकंदाला आठ-नऊ ठोके पडणार. ते टपटप असं ऐकू येतं. वेग विसावर आणला की सेकंदाला तीनही नाहीत. खिडकी उघडी ठेवून बोटांवर मोजता येतात. माझ्या पुढच्या टायरमध्ये असे दोन-तीन खडे होते, ते स्क्रूड्रायव्हरने उकरून काढले. सोसायटीत गाडी वळवताना येणारी बारीक टिकटिक थांबली. घूंऽऽ थांबला नाही, आणि थांबणारही नव्हता, कारण तो ठोक्यांचा आवाज नव्हताच. एका फेऱ्यात जिथे पुष्कळ बारीक धक्के बसतात तिथेच असा सलग सूर तयार होतो. तशा जागा दोन : टायरचा उंचसखल झिजलेला पट्टा, नाहीतर बेरिंग, म्हणजे चाक ज्या छर्ऱ्यांच्या कड्यावर फिरतं ते.

मधल्या एका रविवारी सगळेच गाफील झालो. शिर्डीला निघालो होतो, गोंदे इथून समृद्धीला लागलो. शिर्डी ते भरवीर हा टप्पा मे २०२३ मध्ये खुला झाल्यापासून सिन्नरकडून शिर्डीला जायला हा रस्ता फार सोयीचा झाला आहे. वर चढलो, गाडी नव्वदला नेली, आणि नवरा म्हणाला, "बघ, गेला आवाज." खरंच ऐकू येत नव्हता. पण समृद्धी काँक्रीटचा आहे. त्या पृष्ठभागावर चांगल्या टायरचाही एवढा घोष होतो की त्याखाली आमचा सूर बुडून गेला होता. परतताना खाली डांबरावर उतरलो आणि तो पुन्हा हजर. नवीन, गुळगुळीत डांबर हीच अशा आवाजाची खरी परीक्षा. सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिकमध्ये सध्या इतके रस्ते खोदलेले आहेत की शहरात असा पट्टा शोधावा लागतो, तो भाग वेगळा.

मैत्रीण मात्र तिच्या म्हणण्यावरून हलायला तयार नव्हती. आवाज मागून, डावीकडून. दुपारच्या सुट्टीत डिकी उघडली, चटई उचलली, तर स्टेपनीचा मधला बोल्ट अर्धा सुटलेला. हाताने हलवली तर चाक त्या खळग्यात डुलत होतं. बोल्ट आवळला. गतिरोधकावर येणारा मागचा ढब-ढब बंद झाला, आणि तिची पत एकदम वाढली. त्यामुळे घूंऽऽही मागून-डावीकडूनच येतो हे तिचं मत मग अण्णांनीही उचललं. एक आवाज बरोबर ओळखला म्हणून दुसऱ्याबद्दलही तोच माणूस बरोबर, असं आपण सहज धरून चालतो. गाडीत तर कान फारच फसवतो. चाकाचं कंपन नकलमधून (बेरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग) शॉकअपमध्ये, शॉकअपमधून पत्र्यात जातं आणि जो पत्रा त्या सुराला साथ देतो तिथून ऐकू येतं. काच बंद असेल तर एक जागा, उघडी असेल तर दुसरी.

सर्व्हिसची तारीख आलीच होती म्हणून गाडी नेहमीच्या सर्व्हिस सेंटरला दिली, आवाजाचं कागदावर लिहून दिलं. संध्याकाळी उत्तर : टायर असमान झिजलेत, चारही बदलावे लागतील, अठरा-वीस हजार धरा. गाडी कोणी हायवेला नेऊन ऐकली का, असं विचारलं, तर सल्लागार मुलगा हसला. त्याचंही काय चुकलं म्हणा. दिवसाला इतक्या गाड्या, त्यात प्रत्येकीला सत्तरचा वेग कुठून द्यायचा. पण टायरमध्ये अजून चांगली खोली शिल्लक होती आणि न ऐकता सांगितलेल्या निदानावर मी वीस हजार घालवणार नव्हते.

तरी टायरची शंका रास्त होती. ती तपासायला मशीन लागत नाही. गाडी उभी करायची, टायरच्या पट्ट्यावरून तळहात एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने हाताला दाते लागले तर टायर करवतीसारखा झिजलाय. आमच्या मागच्या दोन्ही टायरना आतल्या कडेला असे दाते होते, बाहेरून नजरेला न दिसणारे. असा टायर घुमतो आणि अगदी बेरिंगसारखाच घुमतो. भल्याभल्यांना फरक कळत नाही. म्हणून नाशिक रोडच्या पंक्चरवाल्याकडे जाऊन पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घेतली, त्याच-त्याच बाजूला. दोष टायरचा असेल तर आवाज टायरबरोबर जागा बदलणार. हवाही चारही चाकांत दोन-तीन पौंड वाढवून बघितली, कारण टायरचा आवाज हवेने थोडा बदलतो, बेरिंगचा नाही.

इथे गोंधळ झाला. आवाज बदलला! आता पुढून एक बारीक गरगर स्पष्ट ऐकू यायला लागली, चाळिशीपासूनच. अण्णा खूश : "मी म्हणत नव्हतो?" पण दोन-चार दिवस नीट ऐकल्यावर लक्षात आलं की जुना जाड सूर तिथेच, साठच्या पुढे, तसाच आहे, ही गरगर त्याच्यावर वेगळी बसली आहे. म्हणजे आवाज एक नव्हताच. टायरचा होता आणि आणखी कशाचा तरी होता, आणि इतके दिवस आम्ही दोघांचं मिळून एकच नाव शोधत होतो.

त्या दुसऱ्याने स्वतःला उघडं केलं मोहदरीच्या वळणांवर. आधीही तिथून जातच होतो, पण तेव्हा कान टायरकडे होते. घाट उतरताना रस्ता डावीकडे वळतो तेव्हा गाडीचं वजन उजव्या बाजूवर कलतं, उजवीकडे वळला की डाव्या बाजूवर. डाव्या वळणावर घूंऽऽ भरून यायचा, उजव्या वळणावर जवळजवळ विरून जायचा. वळणागणिक तेच. टायरचा आवाज असा सरळ हिशेब देत नाही. बेरिंग देतं, कारण त्याच्यावरचं वजनच कमी-जास्त होतं. मग एका सुट्टीच्या दिवशी वसाहतीतल्या रुंद रिकाम्या रस्त्यावर पन्नास-पंचावन्नच्या वेगात स्टिअरिंग हलकेच डावीकडे, हलकेच उजवीकडे असं करून पाहिलं. डावीकडे नेलं की वाढतो. म्हणजे उजवी बाजू. मागे डावीकडे बसणारीचा अंदाज पूर्ण उलट्या कोपऱ्याचा निघत होता. ती म्हणाली, "मला अजूनही खालून ऐकू येतंय." ऐकू येतच असणार.

एवढी तयारी करून मी नाशिकमधल्याच द्वारका भागात गेले. वडाळा नाक्याच्या बाजूला एका गल्लीत चाचांचं गॅरेज आहे. माझ्या वडिलांची जुनी गाडीही त्यांच्याच हाताखालून जायची. द्वारकाचा चौक ओलांडण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात एखादं बेरिंग बदलून झालं असतं. मी बोलायला सुरुवात केली, "चाचा, पुढच्या उजव्या चाकात..." तर त्यांनी हात वर केला.

"ताई, कुठे येतो ते नका सांगू. ते मी बघतो. कधी येतो ते सांगा, आणि काय केल्यावर कमी होतो ते सांगा."

मग मी क्लच, गिअर, काँक्रीट, टायरची अदलाबदल, वळणं असं सगळं ओळीने सांगितलं. ते पानं आवरता आवरता ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अर्धं काम तर तुम्हीच केलं. बसा." गाडी त्यांनी चालवली, मी शेजारी. आधी गल्लीच्या तोंडाशी स्टिअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना छोटे गोल मारले, थोडा रेस देत. कट-कट-कट असं वाजलं असतं तर एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटकडे बघितलं असतं, वाजलं नाही. चालत्या गाडीत ब्रेकच्या पेडलवर नुसता पाय टेकवला; आवाजात काही हललं नाही, तेव्हा पॅड आणि डिस्क सुटले. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला तर पत्रा खरडल्यासारखी खरखर येते, तो प्रकार तर कुणाच्याही लक्षात येईल असा. मग आडगावच्या दिशेने हायवेला घेतली, पासष्टला स्थिर केली, स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे नेलं, परत आणलं, आणि पुढच्या कटमधून गाडी मागे वळवली. तोंडातून शब्द नाही.

गॅरेजमध्ये पुढचं उजवं चाक जॅकवर उचललं, खाली घोडी लावली, मागच्या चाकांना विटा. चाचांनी चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहावर, जोर लावून हलवलं. काही नाही. तीन आणि नऊवर धरून हलवलं. तिथे हललं असतं तर स्टिअरिंगच्या टाय रॉडवर संशय. तिथेही काही नाही. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. त्यांनी ते ओळखलं असावं.

"प्ले नाही म्हणून बेरिंग चांगलं असं नसतं, ताई. प्ले शेवटी येतो. आधी रेस खराब होते."

हे मला नवीन होतं, आणि या साऱ्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. पुढच्या चाकातलं बेरिंग दोन ओळी छर्ऱ्यांचं, कारखान्यातूनच ग्रीस भरून सील केलेलं असतं आणि नट आवळल्यावर आतले छर्रे मुळातच दाबात बसतात. छर्रे ज्या वाटेवरून, म्हणजे रेसवरून, फिरतात तिच्यावर बारीकसा खपला निघाला तरी आवाज सुरू होतो. पण चाक हाताने डुलण्याइतकी ढिलाई यायला त्यानंतर बराच काळ जातो. चाक हलवून पाहायचं आणि घट्ट आहे म्हणून बेरिंगला सोडून द्यायचं, असं पुष्कळ ठिकाणी होतं.

ढिलाई नसताना खराबी कशी कळते ते त्यांनी हातात दिलं. शब्दशः. पोऱ्याने चाक हाताने फिरवलं आणि चाचा म्हणाले, "इथे हात ठेवा." शॉकअपची स्प्रिंग होती. फिरणाऱ्या चाकाला हात लागणार नाही अशा बेताने मी वरच्या वेटोळ्यावर तळवा टेकवला. कानाला काही नव्हतं, गॅरेजमध्ये शेजारी कटर चालू होता. पण हाताला बारीक, सारखी खरखर लागत होती, रिकामं जातं फिरवताना वरच्या पाळीवर हात ठेवला तर लागते तशी. मग त्यांनी डावी बाजू उचलली, तीच स्प्रिंग, तोच हात. डाव्या बाजूला काही नाही, नुसतं लोखंड. दोन्ही बाजू एकापाठोपाठ बघितल्या नसत्या तर मला उजवीकडचं नॉर्मल वाटलं असतं.

त्यांचं तेवढ्यावर भागलं नव्हतं. उजवं चाक पुन्हा उचलून पोऱ्याला गाडीत बसवलं, इंजिन चालू, पहिला-दुसरा गिअर, हळू. आणि त्याला ओरडून सांगितलं, "वीसच्या वर काटा नको!" मी विचारलं, एवढं काय. एक चाक हवेत आणि दुसरं जमिनीवर असलं की डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची फिरकी दोन चाकांत वाटणारा भाग, सगळी फिरकी मोकळ्या चाकाला देतं. काटा वीस दाखवतो तेव्हा ते चाक चाळीसच्या गतीने फिरत असतं. काट्यावर विश्वास ठेवून साठ दाबले तर एकशेवीस. घरच्या घरी जॅकवर गाडी चढवून असले प्रयोग करू नयेत याला हे एकच कारण पुरेसं आहे. जॅक सरकण्याचं तर सोडाच. चाचांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक नकलवर टेकवलं, मूठ कानाच्या हाडाला लावली, फिरणाऱ्या भागांपासून अंग दूर ठेवून. मान हलवली. मलाही ऐकवलं. आता तो घूंऽऽ नव्हता, करर-करर असा कोरडा आवाज होता, आणि डिफरन्शियलच्या डब्यावर तेच टोक टेकवलं तर नुसती गुळगुळीत सळसळ.

"उजवं पुढचं," ते म्हणाले. "आता सांगा तुम्ही काय सांगत होता."

बेरिंग गॅरेजमध्ये नव्हतं, पार्टच्या दुकानातून आणायचं होतं. मी स्वतः गेले, कारण बाजारात बेरिंगचे नकली खोके चिक्कार असतात आणि दुकानदाराने बिल द्यायला काकू केली की समजून घ्यायचं. बिलासकट १,४५० रुपयांना मिळालं. बेरिंग जागेवर धरणारी नवीन सर्कलिप आणि एक्सलचा नवीन नट वेगळा घेतला. हा नट एकदा ठोकून लॉक केला की पुन्हा वापरायचा नसतो. चाचांनी खोकं उघडून पहिली गोष्ट केली ती अशी : टेबलावरची स्टेपलरची पिन उचलून बेरिंगच्या एका सीलजवळ नेली. पिन हलकेच चिकटली. दुसऱ्या सीलला नेली, पडली. एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर ज्या चुंबकीय पट्टीवरून चाकाचा वेग वाचतो ती सीलच्या त्या बाजूला असते आणि ती बाजू आत, सेन्सरकडे जायला हवी. डोळ्यांना दोन्ही सील सारखीच काळी. उलटं बसलं तर गाडी नीट चालते, आवाजही जातो, फक्त मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं.

उघडण्याचं काम चाक काढण्याइतकं सोपं नाही. एक्सलचा नट, कॅलिपर (तो ब्रेकच्या पाइपवर लटकत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधला), डिस्क, सेन्सर, टाय रॉड, खालचा बॉल जॉइंट आणि शॉकअपचे दोन बोल्ट. बोल्ट काढण्याआधी त्यांच्याभोवती खडूने खूण केली, जागा फार हलू नये म्हणून. एवढं झाल्यावर नकल हातात आला आणि पोऱ्या तो गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून प्रेसवाल्याकडे निघाला. मी मागोमाग गेले. प्रेसवाल्याच्या शेडमध्ये हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) बाहेर दाबला तेव्हा बेरिंगची आतली अर्धी रेस हबलाच चिकटून आली. ग्राइंडरने तिला एक तिरपा छेद, छिन्नीचा एक घाव, आणि टण्ण करून ती दोन तुकड्यांत पडली.

ती रेस मी रुमालाने पुसून उजेडात धरली. वाट आरशासारखी चकचकीत असायला हवी होती, आणि बहुतेक ठिकाणी होतीही. पण एका बाजूला नखभर जागेत राखाडी, खरबरीत डाग होता; नख फिरवलं तर अडकत होतं. त्या बाजूचं सील थोडं उचललेलं आणि आतलं ग्रीस गंजाने तपकिरी, पातळ झालेलं. चाचांच्या मते पाणी आणि खड्डे, दोन्ही. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा छर्रा रेसला दबका देतो, पाण्याने ग्रीस जातं, आणि मग डाग वाढत जातो. गाडी धुताना प्रेशरचा फवारा थेट हबवर मारू देऊ नका, हेही त्यांनी बजावलं.

नवीन बेरिंग बसवताना प्रेसवाल्याने त्याला फक्त बाहेरच्या रेसवर दाब दिला, जुन्याची बाहेरची रेस मध्ये ठेवून. हब दाबताना मात्र खालून आधार आतल्या रेसला. जोर छर्ऱ्यांमधून गेला की नव्या बेरिंगवर पहिल्याच मिनिटाला खड्डे पडतात आणि महिनाभरात ग्राहक तोच आवाज घेऊन परत. हातोड्याने ठोकून बेरिंग बसवणारे आहेत, स्वस्तही पडतात. मी तिथे उभी राहिले त्याचा प्रेसवाल्याला राग आला नाही, उलट सगळं दाखवत होता. प्रेसचे त्याने ३०० घेतले.

नट शेवटी गाडी जमिनीवर टेकवून, टॉर्क पान्याने आवळला, आमच्या गाडीला २०० न्यूटन मीटरच्या आसपास. तो आवळल्याशिवाय गाडी ढकलूनही पुढे-मागे करू दिली नाही. मजुरीचे ८०० झाले. सगळं मिळून तीन हजारांच्या आत.

"डावं पण बदलायचं का?" मी विचारलं. चाचांनी डोकं हलवलं. "चांगल्या बेरिंगला कशाला हात लावायचा? वाजेल तेव्हा बघू."

आडगावकडे पुन्हा एक चक्कर. पासष्ट, सत्तर, ऐंशी. जाड सूर पूर्ण गेला होता, डावीकडे वळवलं तरी नाही. एबीएसचा दिवा गाडी चालू करताना लागून विझला, तसाच विझलेला राहिला. उरली ती पुढच्या टायरची बारीक गरगर, जी आता एकटी असल्यामुळे आधीपेक्षा जास्त ऐकू येते. शॉकअपचे बोल्ट हलले होते म्हणून दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट केली. यंत्राच्या कागदावर मागच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप, मर्यादेबाहेर होता. टायर आतल्या कडेला का झिजले त्याचं उत्तर त्यात होतं, आणि सर्व्हिस सेंटरचा मुलगा अर्धा बरोबर होता हेही. झिजलेले दोन टायर उन्हाळ्यापर्यंत चालवून मग बदलायचे असं ठरवलंय. अण्णांना मी अर्धे मार्क देऊ केले. ते पूर्ण मागतायत.